पार्ट नंबर तोच, स्क्रीन दुसरीच

"ताई, सातव्या पानावरच्या मुलीचा फ्रॉक इतका भडक का केलास गं? डोळ्यांत घुसतोय."

मावसबहिणीचा हा फोन रात्री साडेदहाला आला. मुलांच्या पुस्तकांचं काम आम्ही दोघी मिळून करतो. मी चित्रं काढते, ती पानं लावते. मी फाइल पुन्हा उघडून पाहिली. फ्रॉक अबोली होता. अगदी हवा तसा, मवाळ. तिनं तिच्या लॅपटॉपवर उघडलेली तीच फाइल फोनवर दाखवली, आणि फोनच्या कॅमेऱ्याचा दोष वजा करूनही फ्रॉक शेंदरी होता. सातव्याच पानावर नाही, शेवटच्या नऊ दिवसांत रंगवलेल्या प्रत्येक पानावर.

गंमत म्हणजे आम्हा दोघींकडे एकच लॅपटॉप आहे. म्हणजे एकच मॉडेल, एकाच आठवड्यात घेतलेलं, तेही माझ्या हट्टामुळे. रंग जुळावेत म्हणून.

तर हा त्या लॅपटॉपचा रिव्ह्यू, पण फक्त त्याच्या स्क्रीनचा. बाकीचं चार शब्दांत: कीबोर्ड छान, बॅटरी बरी, काम वाढलं की पंखा घूं करतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा "बरं, मग दुसऱ्या कंपनीचा घेऊ" म्हणून मोकळा होईल, आणि दुसऱ्या कंपनीतही हेच चालतं.

सोळाव्या महिन्यात माझ्या स्क्रीनवर उजव्या कडेला केसाएवढी बारीक हिरवी उभी रेघ आली. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला दिला. तीन दिवसांत डिस्प्ले बदलून परत मिळाला. वागणं सौजन्याचं, पैसे शून्य, वर स्क्रीन पुसूनही दिली. पावतीवर जुना पार्ट नंबर आणि नवा पार्ट नंबर शेजारी शेजारी छापले होते, आणि दोन्ही अगदी सारखे. मी खूश होऊन घरी आले.

घरी पांढरं पान उघडलं तेव्हा ते किंचित निळसर वाटलं होतं. पण नवी स्क्रीन आहे, वाटणारच, असं म्हणून मी कामाला लागले, आणि दुसऱ्या दिवशी ते वाटणंही थांबलं. डोळा फार लवकर सरावतो. त्याच्यापुढे जे सर्वांत उजळ असेल त्याला तो पांढरं म्हणतो आणि पुढचे सगळे रंग त्यावरून ठरवतो. स्क्रीन थंड आणि फिकी असेल तर हात आपोआप ऊब वाढवतो, रंग गडद करतो. मी नऊ दिवस नेमकं तेच करत होते. माझ्या अबोलीत मी नकळत एवढं लाल ओतलं होतं की चांगल्या स्क्रीनवर त्याचा शेंदूर झाला.

फोननंतर मी कपाटातून कलरिमीटर काढला. हे उपकरण स्क्रीनवर चिकटवून ठेवायचं. सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवत जातं, आणि दाखवायला सांगितलेला रंग व प्रत्यक्ष दिसलेला रंग यांतला फरक ते मोजतं. लॅपटॉप नवा होता तेव्हाचे आकडे जपून ठेवलेले होते. पॅनेल म्हणजे स्क्रीनची आतली काच, निट्स हे उजेडाचं माप, केल्व्हिनचा आकडा वाढला की पांढरं निळसर होतं, आणि एसआरजीबी म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेला रंगांचा प्रमाण संच. जुनं पॅनेल: पूर्ण उजेडावर ३१८ निट्स, पांढऱ्याचं तापमान ६,५०० केल्व्हिनच्या अगदी जवळ, एसआरजीबीतले ९८ टक्के रंग. नवं पॅनेल: २९० निट्स, सुमारे ७,२०० केल्व्हिन, ८८ टक्के. उजेडातला फरक नगण्य, तो मला कधी जाणवलाही नसता. पण एसआरजीबीतले दहा टक्के रंग गेले, आणि गेले ते नेमके लाल-केशरी टोकाचे. म्हणजे मुलांच्या पुस्तकात ज्यांच्यावर सगळा डोलारा उभा असतो ते.

त्यात माझी स्वतःची एक चूक मिसळलेली होती, तीही सांगते. स्क्रीन बदलल्यावर विंडोजनं तिला नवा मॉनिटर म्हणून ओळखलं आणि माझं जुनं कलर प्रोफाइल आपणहून बाजूला ठेवलं. ते बरोबरच होतं. मी मात्र "अरे, सेटिंग गेलं वाटतं" म्हणून हौसेनं ते परत लावलं. प्रोफाइल म्हणजे एका विशिष्ट पॅनेलच्या दोषांवरचा उतारा. जुन्या पॅनेलचा उतारा नव्याला दिला, आणि आजार वाढवला. इतरांच्या लॅपटॉपची तयार प्रोफाइल उतरवून घेणाऱ्यांनो, मॉडेल सारखं असलं तरी आतलं पॅनेल वेगळं असेल तर तुम्हीही हेच करत आहात.

पॅनेल खरंच वेगळं आहे का, हे बघायला स्क्रू खोलावे लागत नाहीत. प्रत्येक स्क्रीनच्या पोटात ईडीआयडी नावाची छोटीशी नोंद असते. मूळ नोंद फक्त १२८ बाइटची, पण तिच्यात बनवणाऱ्याचं तीन अक्षरी नाव असतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, मग मॉनिटर्स, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. तिथे एयूओ दिसलं तर तैवानची एयू ऑप्ट्रॉनिक्स, सीएमएन म्हणजे इनोलक्स, बीओई म्हणजे चीनची बीओई, एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, एसडीसी म्हणजे सॅमसंग डिस्प्ले, एसएचपी म्हणजे शार्प. पुढची चार अक्षरं पॅनेलच्या जातीची. मी आणि बहिणीनं फोनवर आपापली अक्षरं वाचून दाखवली. पहिली तीनच जुळली नाहीत.

माझी दोन पॅनेलं कोणाची होती ते मी लिहीत नाही, कारण त्यावरून काही ठरत नाही. वर नावं घेतलेल्या जवळपास प्रत्येक कारखान्यात उत्तम पॅनेलही बनतं आणि कामचलाऊही बनतं. "अमुक कंपनीचं आलं तर नशीब फुटलं" असं ठामपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. फरक कंपनीत नसतो, लॅपटॉपवाल्यानं तिच्याकडून काय मागितलं यात असतो.

आणि मागितलेलं असतं फार थोडं. माप १५.६ इंच, पिक्सेल १९२० गुणिले १०८०, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, तीस पिनांचा कनेक्टर, जाडी इतकी, उजेड इतका. एवढं जुळलं की त्यांच्या लेखी पॅनेल "समतुल्य". जाहिरातीतले ३०० निट्स हा बहुतेक वेळा "टिपिकल" आकडा असतो. पॅनेल बनवणाऱ्याच्या कागदात त्याच्या शेजारी "किमान" असा आणखी एक रकाना असतो, तो गिऱ्हाइकापर्यंत येत नाही. आयपीएस या शब्दाचंही तसंच. तिरकं पाहिलं तरी रंग फारसे न बिघडू देणारं हे तंत्र हिताचीनं १९९६ मध्ये आणलं. एयू ऑप्ट्रॉनिक्सचं त्याच धर्तीचं तंत्र एएचव्हीए, बीओईचं एडीएस, सॅमसंगचं होतं पीएलएस. म्हणून तर माहितीपत्रकात "आयपीएस-लेव्हल" असं मोघम छापतात. ते खोटं नसतं. पण उद्या पुरवठादार बदलला तरी पत्रक बदलावं लागू नये, एवढी सोय त्यात असते.

रंगांचा आकडा तर आणखी फसवा. स्वस्त लॅपटॉपवर "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ च्या अमेरिकी रंगीत टीव्हीचं माप, आज टीव्हीसाठी ते कोणी वापरत नाही. त्यातले ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीतलं जेमतेम साठ-पासष्ट टक्के. अशा स्क्रीनवर लाल रंग विटकरी दिसतो आणि माणसांचे चेहरे आजारी. माझं नवं पॅनेल इतकं वाईट नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

आता त्याच्या आणखी दोन खोड्या. पहिली: संध्याकाळच्या आकाशाचा उतरता रंग त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. हे पॅनेल सहा बिटांचं आहे. म्हणजे त्याला स्वतःच्या अशा २,६२,१४४ छटा येतात. आठ बिटांच्या पॅनेलला येतात १,६७,७७,२१६. मधली तूट ते दोन शेजारच्या छटा झरझर आलटूनपालटून दाखवून भरून काढतं. फोटोत ते खपून जातं, माझ्या सपाट रंगाच्या आकाशात पायऱ्या पडतात. दुसरी: लांब मजकूर सरकवला की अक्षरांमागे करडी शेपटी राहते. पानं लावताना बहीण दिवसभर वरखाली करत असते, तिला हे पॅनेल आलं असतं तर तिनं त्याच दिवशी परत केलं असतं. मला त्याचं फारसं काही नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा तक्रारीचा पाढा आहे. मलाही तसाच लिहायचा होता, पण मध्ये एक घोटाळा झाला.

गेलं वर्षभर संध्याकाळी माझे डोळे दुखत होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तपासून आले, नंबर तोच निघाला. आणि डिस्प्ले बदलल्यापासून, हे मला तुलना करताना लक्षात आलं, डोळे दुखले नव्हते. तेव्हा आम्ही पेन्सिलीचा प्रयोग केला. तुम्हीही करून बघा. खोलीत अंधार करायचा, स्क्रीनवर पांढरं पान उघडून उजेड पावभर ठेवायचा, आणि समोर पेन्सिल जोरात हलवायची. माझ्या नव्या पॅनेलपुढे पेन्सिलीचा एकसंध धूसर पट्टा दिसला. बहिणीच्या, म्हणजे जुन्या जातीच्या पॅनेलपुढे, कंगव्याच्या दातांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या.

याचा अर्थ जुन्या पॅनेलचा दिवा लुकलुकत होता. उजेड कमी करायचे दोन मार्ग असतात: दिव्याला वीज कमी द्यायची, किंवा दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि बंद वेळ वाढवत न्यायची. दुसऱ्या मार्गाला पीडब्ल्यूएम म्हणतात. डोळ्यांना लुकलुक दिसत नाही, पण काही जणांना ती सोसत नाही. मी त्यांतली असावी. फोनच्या कॅमेऱ्यात शटर एक हजारांश सेकंदावर ठेवून पाहिलं, तर बहिणीच्या स्क्रीनवर काळे पट्टे आले, माझ्या स्क्रीनवर काही नाही. "ताई, मलाही संध्याकाळी डोकं जड होतं," ती म्हणाली. तिनं ते आजवर लहान अक्षरांच्या माथी मारलं होतं.

म्हणजे जुनं पॅनेल रंगाला सच्चं आणि डोळ्यांना तापदायक, नवं रंगाला फिकं आणि डोळ्यांना शांत. चांगलं कुठलं? चित्रासाठी जुनं, पत्रं लिहायला नवं. आणि यातलं काहीही, एक अक्षरसुद्धा, कंपनीच्या माहितीपत्रकात नाही. दोन्ही पॅनेलांना एकच पत्रक लागू आहे.

मी सर्व्हिस सेंटरला पुन्हा गेले, छापलेले आकडे हातात घेऊन. पहिल्या खेपेचाच इंजिनिअर होता.

"मॅडम, पार्ट नंबर बघा ना, तोच आहे."

"अहो, नंबर तोच आहे, पण पॅनेल वेगळ्या कंपनीचं आहे. हा बघा आयडी."

त्यानं बघितलं, आणि नाकारलं नाही. "या नंबरखाली तीन प्रकारची पॅनेलं येतात. बॉक्स उघडेपर्यंत आम्हालाही कळत नाही कुठलं आहे. आणि तुमचं पहिलं होतं ना, ते आता बहुतेक यायचंच बंद झालंय."

मी रागावायला गेले होते, पण त्याच्यावर काय रागावणार? त्याच्या संगणकावर तिन्ही पॅनेलं एकाच ओळीत होती. कुठलं मागायचं हा पर्यायच त्याला कोणी दिलेला नव्हता.

कंपन्या असं का करतात, हे न समजण्यासारखं नाही. एकाच कारखान्यावर विसंबलं आणि तो अडला, तर लाखो लॅपटॉप विनास्क्रीनचे पडून राहतील. शिवाय दोन-तीन पुरवठादार असले की भाव पाडून मागता येतो. त्यातच पॅनेलचा धंदाच गेल्या काही वर्षांत हात बदलत गेला आहे. बीओईनं २०१७ मध्ये चीनमधल्या हफेईत १०.५ पिढीचा कारखाना सुरू केला. तिथली मूळ काच २,९४० बाय ३,३७० मिलिमीटरची, एखाद्या छोट्या खोलीच्या जमिनीएवढी. जेवढी मोठी काच तेवढे मोठे तुकडे जास्त निघतात आणि स्वस्त पडतात. त्या भावापुढे जुने टिकले नाहीत. सॅमसंग डिस्प्लेनं २०२२ मध्ये एलसीडी बनवणं थांबवलं. एलजी डिस्प्लेनं चीनमधल्या ग्वांगझूचा मोठा एलसीडी कारखाना टीसीएल या चिनी कंपनीच्या सीएसओटीला विकायचं २०२४ मध्ये ठरवलं. शार्पनं त्याच वर्षी जपानमधल्या साकाईतलं टीव्ही पॅनेलांचं उत्पादन बंद केलं. तुमच्या टीव्हीवरचं नाव तेच राहतं, काच कुठून येते ते बदलत जातं.

हे फक्त स्वस्त मालातच होतं असंही नाही. ॲपलच्या २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रो लॅपटॉपमध्ये काही यंत्रांत एलजीचं पॅनेल होतं, काहींत सॅमसंगचं. एलजीवाल्यांपैकी अनेकांच्या स्क्रीनवर आधीच्या खिडकीची भुतासारखी छाया रेंगाळायची. लोक टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकून बघायचे: उत्तर एलपीनं सुरू झालं तर एलजी, एलएसएननं सुरू झालं तर सॅमसंग. निन्टेंडोच्या न्यू थ्रीडीएस या हातात धरायच्या गेमयंत्रात एकाच खोक्यात कधी आयपीएस, कधी टीएन स्क्रीन निघायची. टीएन म्हणजे जरा तिरकं पाहिलं की रंग उलटे. याला लोकांनी "पॅनेल लॉटरी" हेच नाव ठेवलं आहे. २०१७ चा गूगलचा पिक्सेल २ आणि पिक्सेल २ एक्सएल ही फोनांची जोडी तर नमुनेदार. धाकटा एचटीसीनं बनवला, सॅमसंगच्या ओलेडवर (ओलेड म्हणजे मागे दिवा नसलेली, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारी स्क्रीन). थोरला एलजीनं बनवला, एलजीच्या ओलेडवर. थोरल्याची स्क्रीन तिरकी धरली की निळी पडायची आणि खालच्या बटणांचे डाग लवकर उमटल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा गूगलनं वॉरंटी दोन वर्षं केली. २०२४ मध्ये सॅमसंगच्या एस९०डी टीव्हीत पुन्हा तेच. एकाच नावाखाली काही टीव्ही क्यूडी-ओलेडचे, काही डब्ल्यूओलेडचे, म्हणजे ओलेडच्या दोन वेगळ्या जातींचे. माप कोणतं आणि माल कुठल्या बाजारातला, यावर ते ठरतं.

म्हणूनच घेण्याआधी वाचलेल्या रिव्ह्यूंवरचा माझा भरवसा आता अर्धा झाला आहे. रिव्ह्यू लिहिणारे प्रामाणिक असतात, पण त्यांच्या हातात पहिल्या खेपेतला नग असतो. त्यांनी मोजलेले आकडे त्या पॅनेलचे. जे रिव्ह्यूवाले पॅनेलचा पूर्ण कोड छापतात तेवढेच मी आता वाचते. माझ्या या रिव्ह्यूलाही तोच नियम लावा: तुम्ही हे मॉडेल घ्याल तेव्हा आत काय निघेल, मला सांगता येणार नाही.

स्क्रीनला गुण द्यायचेच तर जुन्या पॅनेलला दहापैकी सात, नव्याला सहा. गिऱ्हाइकाला काही न सांगण्याबद्दल कंपनीला शून्य. पावतीवर एक ओळ पुरली असती: "पर्यायी पॅनेल बसवलं आहे." रंगाचं काम करणाऱ्यानं ती वाचून त्याच दिवशी नवं प्रोफाइल बनवलं असतं, आणि नऊ दिवसांचं काम वाया गेलं नसतं. ती पानं मी पुन्हा रंगवली. नवं प्रोफाइल बनवल्यावर पांढरं जागेवर आलं, अबोली बऱ्यापैकी अबोली झाला. पॅनेलमध्ये जे लाल मुळातच नाही ते मात्र प्रोफाइल आणू शकत नाही, त्यामुळे शेवटचा हात आता बाहेरच्या मॉनिटरवर फिरवते. झाकणाच्या आतल्या कडेला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर पॅनेलचा कोड आणि बसवल्याची तारीख लिहून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात बहिणीचा पुन्हा फोन आला. तिच्याही स्क्रीनवर उजव्या कडेला हिरवी रेघ आली आहे. तिची वॉरंटी अजून दोन महिने आहे.

"ताई, तुझ्यासारखं डोळ्यांना शांत वालं मागू, की माझं आहे तेच मागू?"

मी त्या इंजिनिअरला फोन लावून विचारलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तिसरंच येतंय सध्या."